‘तो आपोआप पडला’: विक्रोळीतल्या एका किल्ल्याचं प्रकरण

विक्रोळी पूर्वेच्या कन्नमवार नगरात, म्हाडाच्या एका जुन्या इमारतीत, नरक चतुर्दशीच्या पहाटे दहा वर्षांच्या एका मुलाचं मनगट मोडलं. जिन्यात तेल सांडलेलं होतं. ते त्याच इमारतीतल्या चार मुलांनी मुद्दाम सांडलं होतं. नंतर त्या चौघांशी मी वेगवेगळी बोलले, तेव्हा ‘आम्ही त्याला पाडलं’ असं एकानंही म्हटलं नाही. शब्द थोडेफार निराळे होते, म्हणणं एकच होतं: आम्ही हात लावला नाही, तो आपोआप पडला.

मी शाळकरी मुलांचं समुपदेशन करते. भाऊबीजेनंतर त्या इमारतीतल्या एका आजींनी मला बोलावलं. प्रकरणातल्या सर्व पालकांना विचारून हे लिहिते आहे. कुणाचंही नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वाचकांच्या सोयीसाठी किल्ला करणाऱ्या टोळीतल्या थोरल्याला, बारा वर्षांच्या मुलाला, मी किल्लेदार म्हणते. त्याच्याबरोबर अकरा आणि दहा वर्षांचे दोन मुलगे होते आणि नऊ वर्षांची एक मुलगी. ज्याचं मनगट मोडलं तो नवा.

घडलं ते असं

या इमारतीच्या मागे, पंपरूमच्या भिंतीला लागून, मुलं दर दिवाळीला किल्ला करतात. या वेळी सिंधुदुर्ग होता. शेजारच्या इमारतीचा पुनर्विकास चालू आहे, तिथून विटांचे तुकडे आणि माती आणली. गोणपाट चिखलात भिजवून तटबंदी उभी केली, बुरुजांच्या उतारावर अळीव आणि मोहरी पेरली, भोवती प्लास्टिक अंथरून त्यात पाणी सोडलं. मावळे आणि सिंहासनावरचे महाराज दादरहून आणले, त्यासाठी घरटी पन्नास रुपये वर्गणी काढली.

नव्याचं कुटुंब जूनमध्ये तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलं. तोही पन्नास रुपये घेऊन खाली गेला होता. किल्लेदारानं पैसे परत दिले आणि सांगितलं, “हा मालकांच्या मुलांचा किल्ला आहे.”

हे वाक्य बारा वर्षांच्या मुलाच्या डोक्यातून निघालेलं नाही. त्या इमारतीत गेलं वर्षभर विकासकाशी बोलणी चालू आहेत. किती चौरस फूट मिळणार, कॉर्पस (विकासकानं मालकांना द्यायचा निधी) किती, यावर रात्री उशिरापर्यंत सभा होतात. मुलं तिथंच खुर्च्यांमधून धावत असतात. ‘भाडेकरूंचा इथं काय संबंध’ हे त्यांनी तिथं कितीदा तरी ऐकलं आहे. मोठ्यांचा ठराव मुलांनी किल्ल्याला लावला, एवढंच.

वसुबारसेच्या रात्री नव्यानं किल्ला लाथांनी मोडला. बालेकिल्ला सपाट केला, सात-आठ मावळे चिरडले. वॉचमननं त्याला पाहिलं. त्यानं केलं का, याबद्दल कुणालाच शंका नव्हती, त्यानंही कधी नाकारलं नाही. हे मुद्दाम नोंदवते, कारण अशा गोष्टींमध्ये पुढे आरोपी निरपराध निघतो आणि सगळ्यांना शिकवण मिळते. इथं तशी सोय नाही. नव्यानं खरोखरच चूक केली होती.

धनत्रयोदशीला चौघं सेक्रेटरी काकांकडे गेली. काका म्हणाले, “सणासुदीला भांडणं नकोत. दिवाळी होऊ द्या, मग बघू.” नव्याच्या घरी कुणी गेलं नाही. त्याला कुणी विचारलं नाही की बाबा, असं का केलंस. मुलांनी तो मोडका किल्ला तसाच ठेवला. जाता-येता सगळे बघत होते आणि कुणी काही बोलत नव्हतं.

नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नानं झाली, कारीट फुटली. फटाके घेऊन मुलं खाली उतरणार हे ठरलेलं. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यातला दिवा बरेच दिवस बंद होता. चौघांनी स्नानाच्या वाटीतलं उरलेलं तेल वरच्या तीन पायऱ्यांवर ओतलं आणि खाली जाऊन उभी राहिली. नवा धावत आला आणि घसरला. डावं मनगट मोडलं, हनुवटी फुटली. त्याच्या आधी त्याच जिन्यानं कुणी म्हातारं माणूस उतरलं नाही, हा निव्वळ योग.

दोन दिवस सगळ्यांना वाटलं, कुणाच्या तरी अंगाचं तेल ठिबकलं असेल. भाऊबीजेच्या दिवशी नऊ वर्षांच्या मुलीनं आजीला सांगितलं. सांगताना ती म्हणाली, “स्कार पडतो ना आजी, तसा पडला.”

आजींना स्कार कोण ते ठाऊक नव्हतं. त्यांनी मला विचारलं आणि तिथून मला या प्रकरणाचं टोक सापडलं.

मुलांनी काय पाहिलं होतं

सुट्टीत दुपारी ही मुलं किल्लेदाराच्या घरी अ‍ॅनिमेशनपट बघत. ‘द लायन किंग’ त्यांना तोंडपाठ आहे, जुना 1994 चाही आणि 2019 चा हिंदीतलाही, ज्यात मुफासाला शाहरुख खाननं आणि सिंबाला आर्यन खाननं आवाज दिला आहे. स्कार हा त्यातला खलनायक: भाऊ मुफासाला मारून तो सिंहांचा राजा होतो आणि छोट्या पुतण्याला, सिंबाला, हाकलून देतो.

चौघांना एकत्र बसवून मी शेवट सांगायला लावला. दहा वर्षांचा म्हणाला, “सिंबानं स्कारला मारलं नाही. सोडून दिलं. स्कार पडला आणि हायनांनी त्याला खाल्लं.” 1994 च्या चित्रपटात खरं काय आहे? सिंबा स्कारला मारायचं नाकारतो आणि सांगतो, पळून जा, परत येऊ नकोस. हेच शब्द लहानपणी स्कारनं त्याला ऐकवलेले असतात. स्कार त्याच्या डोळ्यांत निखारे उडवतो, झुंज होते, स्कार झेप घेतो आणि सिंबा त्याला कड्यावरून भिरकावतो. खाली हायना, म्हणजे स्कारचे साथीदार तरस, असतात. सगळा दोष स्कारनं आपल्यावर ढकललेला त्यांनी ऐकलेला असतो. म्हणजे भिरकावणारे पाय सिंबाचेच आहेत. पण मुलांच्या आठवणीत ते राहत नाहीत. राहतं ते एवढंच, की चांगल्यानं माफ केलं आणि वाईट आपल्या कर्मानं मेला.

ही मुलांची चूक नाही. तसं आठवावं अशीच त्या प्रसंगाची रचना आहे आणि ती फार जुनी आहे. 1937 च्या ‘स्नो व्हाइट’मध्ये बुटके राणीच्या मागे लागतात, पण तिच्या पायाखालचा कडा फोडते ती वीज. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मध्ये (1991) बीस्ट गॅस्टनला जीवदान देतो, गॅस्टन मागून सुरा खुपसतो आणि स्वतःच तोल जाऊन पडतो. ‘टारझन’मधला (1999) क्लेटन वेली तोडत सुटतो आणि त्यातलीच एक त्याच्या गळ्याभोवती बसते. ‘अप’मधला (2009) मंट्झ फुग्यांच्या दोऱ्यांत पाय अडकून कोसळतो. ‘कुंग फू पांडा 2’ (2011) मला या सगळ्यांत जास्त विचारी वाटतो. ज्यानं आपल्याला आईबापापासून तोडलं त्या शेनसमोर पो उभा राहतो आणि त्याला सांगतो की जखमा भरतात, मागचं सोडून दे. पण तिथंही शेन ऐकत नाही, त्याच्याच वारांनी दोर तुटतात आणि त्याचीच तोफ त्याच्यावर कोसळते.

हे चित्रपट मुलांना ‘सूड वाईट’ हे नीट शिकवतात, यात मला शंका नाही. नायक शेवटच्या क्षणी हात आवरतो आणि तो क्षण खरा असतो. माझी तक्रार त्यानंतरच्या अर्ध्या मिनिटाबद्दल आहे. हात आवरल्यावर पुढे काय, या प्रश्नाला उत्तर द्यायची वेळ येते आणि नेमका तेव्हाच कडा कोसळतो. सूडाची इच्छा तर पुरी होते, फक्त ती करणारं कुणी दिसत नाही. शिक्षा कुणी ठरवायची, किती, कुणाला विचारून, नुकसान कसं भरून द्यायचं, गुन्हेगार उद्या सकाळी त्याच कुरणात दिसला तर त्याच्याशी कसं वागायचं, यातलं काहीही मुलाच्या नजरेला पडत नाही. म्हणजे न्याय नावाची जी कष्टाची गोष्ट असते, तीच.

मुलांच्या मनात याला आधीच जागा असते. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं 1932 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना एक गोष्ट सांगितली होती. सफरचंदं चोरून पळणारा मुलगा कुजक्या पुलावरून जाताना पाण्यात पडतो. त्यानं चोरी केली नसती तर तो पडला असता का? सहा-सात वर्षांच्या बहुतेक मुलांचं उत्तर होतं, नसता. वय वाढतं तसं हे उत्तर कमी होत जातं, पण अकरा-बारापर्यंत ते पुरतं जात नाही. आपल्याकडे तर आपण ते जपतो. खोडी काढून पळणारं पोर ठेचकाळलं की घरातलं कुणी तरी म्हणतंच, “बघ, देवानं शिक्षा केली.”

चौघांपैकी कुणालाही तेल म्हणजे देवाची करणी वाटत नव्हती. ती मुलं हुशार आहेत. त्यांना हवी होती ती शिक्षा, आणि तीही स्वतःचे हात न लागता. कडा त्यांनी स्वतः तयार केला.

चित्रपटांनी या मुलांना तेल ओतायला शिकवलं, असं मी म्हणत नाही आणि कुणी तसं म्हणू लागलं तर मी विरोध करीन. तेल ओतलं गेलं ते धनत्रयोदशीला मोठ्यांनी दार लावून घेतलं म्हणून. चित्रपटांकडून मुलांना मिळाली ती केल्यावर स्वतःला समजवायची भाषा.

पडला नसता तर

पुढच्या वेळी मी एकच प्रश्न घेऊन गेले: स्कार पडलाच नसता, दुसऱ्या दिवशी सकाळी तिथंच असता, तर सिंबानं काय करायला हवं होतं?

अकरा वर्षांचा लगेच म्हणाला, “हाकलून द्यायचं.” मी विचारलं, हाकलणं कुणी सुरू केलं होतं? त्यानं विचार करून सांगितलं, स्कारनंच. मग किल्लेदाराकडे बघून म्हणाला, “आपण पण नव्याला हाकललं होतं ना, वर्गणीच्या वेळी.” किल्लेदार काही बोलला नाही.

नऊ वर्षांच्या मुलीचं उत्तर मी विसरणार नाही. “सिंबानं हायनांना बोलावलं असतं. म्हणजे त्याला स्वतःला मारायला नको.” एवढ्या लहान मुलीनं सगळी यंत्रणा उघडी करून दाखवली. मी विचारलं, मग मारलं कुणी म्हणायचं? ती म्हणाली, “बोलावलं त्यानं.” आणि रडायला लागली.

त्यानंतर आम्ही ‘बिग हिरो 6’ (2014) मधला एक प्रसंग पाहिला. त्यातला हिरो नावाचा मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्याचा मोठा भाऊ तदाशी आगीत गेला. त्या आगीला प्राध्यापक कॅलहॅन जबाबदार आहे हे कळताच तो बेमॅक्स या शुश्रूषा करणाऱ्या यंत्रमानवातली उपचाराची चिप काढून टाकतो आणि कॅलहॅनला संपवायला सांगतो. मित्र मध्ये पडतात, चिप परत बसते. हिरो ती पुन्हा काढायला जातो तेव्हा बेमॅक्स झाकण उघडत नाही. कॅलहॅनला संपवल्यानं तुझ्या मनाची स्थिती सुधारेल का, असं तो विचारतो आणि तदाशीनं त्याला बनवताना केलेल्या चाचण्यांची चित्रं दाखवतो, एकामागून एक फसलेल्या.

किल्लेदार हे बघताना पुढे सरकून बसला होता. या चित्रपटात दोघंही सुडानं पेटलेले आहेत, हिरो भावासाठी आणि कॅलहॅन मुलीसाठी, हे त्यानं स्वतः ओळखलं. मुख्य म्हणजे इथं कडा कोसळत नाही. कॅलहॅन जिवंत राहतो, त्याला अटक होते आणि त्याच्या मुलीला वाचवायला हिरो आणि बेमॅक्स जातात. शिक्षाही झाली आणि माणुसकीही राहिली.

किल्लेदारानं विचारलं, “बाई, नव्याला हे दाखवलं का?” दाखवलं नव्हतं. नव्याशी माझं बोलणं निराळं चाललं होतं. किल्ला मोडल्यावर काय वाटलं, असं विचारलं तेव्हा तो म्हणाला, “आधी बरं वाटलं. मग महाराजांची मूर्ती पडलेली दिसली, ती मी उचलून वर ठेवली.” ती मूर्ती कुणी उचलून ठेवली हे चौघांना तोवर माहीत नव्हतं. वॉचमननं ठेवली असेल, असं त्यांना वाटत होतं.

आईचा प्रश्न

नव्याच्या आईला हे सगळं बोलणं पटत नव्हतं आणि तिचं म्हणणं बिनतोड होतं. “ताई, माझ्या मुलाचा हात मोडलाय. तुम्ही सिनेमे कसले दाखवताय?” तिला पोलीस ठाण्यात जायचं होतं. किल्लेदाराचे वडील ‘पोरांचा खेळ’ म्हणून विषय उडवत होते आणि त्यामुळे ती आणखी पेटत होती.

मी तिला थांबवलं नाही. कायदा काय म्हणतो ते सांगितलं. भारतीय न्याय संहितेनुसार सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हा ठरत नाही, सात ते बारामध्ये त्याला परिणामांची पुरेशी समज होती का ते पाहिलं जातं. गुन्ह्याचा आरोप असलेलं अठराखालचं मूल 2015 च्या बाल न्याय कायद्याखाली बाल न्याय मंडळासमोर जातं. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली किमान एक स्त्री. मंडळ समज देऊन घरी पाठवू शकतं, समुपदेशनाला पाठवू शकतं, समाजसेवा करायला लावू शकतं, पालकांना दंड भरायला सांगू शकतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे कायदासुद्धा मुलांना सुधारायलाच सांगतो. मग माझ्या मुलाचं काय?” दुखावलेल्या माणसाचा हा खरा प्रश्न आहे. समुपदेशनात आम्ही पुष्कळदा चूक करणाऱ्या मुलाभोवतीच गोळा होतो आणि ज्याला लागलं त्याला ‘माफ कर रे’ एवढंच सांगतो. माफी ही मागितल्यावर द्यायची की नाही हे त्याचं त्यानं ठरवायचं असतं. ‘कोको’मध्ये (2017) मित्रानं विष देऊन मारलेल्या हेक्टरला न्याय मिळतो तो आधी सत्य सगळ्या प्रेक्षागृहासमोर येतं म्हणून. (पुढे तिथंही त्या मित्रावर घंटा कोसळतेच, पण ते असो.) या आईलाही आधी तेच हवं होतं: काय झालं ते सगळ्या इमारतीसमोर, तिच्या मुलाच्या नावावर शिंतोडा न ठेवता, सांगितलं जावं.

बैठक

बैठक गच्चीवर झाली, तुळशीच्या लग्नाच्या आधी. मुलं, त्यांचे पालक, आजी, सेक्रेटरी काका. नियम एकच होता, ज्याला लागलं तो आधी बोलेल.

नवा थोडंच बोलला. पडल्यावर चौघं खाली उभी दिसली आणि कुणी वर आलं नाही, हे त्याला हातापेक्षा जास्त लागलं होतं. मग चौघांनी, प्रत्येकानं स्वतःच्या तोंडानं, काय केलं ते सांगितलं. किल्लेदार म्हणाला, “तेल मी ओतलं. तो पडावा म्हणून ओतलं.” मला त्या संध्याकाळी एवढंच ऐकायचं होतं. त्यानंतर नव्यानंही किल्ल्याचं सांगितलं, कुणी न विचारता.

दवाखान्याचा खर्च चार घरांनी वाटून घेतला. प्लास्टर असेपर्यंत नव्याचं दप्तर शाळेपर्यंत नेणं आणि राहिलेला अभ्यास उतरवून देणं अकरा आणि दहा वर्षांच्या मुलांकडे आलं, कारण ते त्याच्याच शाळेत जातात. किल्लेदारानं दवाखान्याच्या खर्चात स्वतःजवळचे पैसे घातले. चिरडलेल्या मावळ्यांचे पैसे नव्यानं दिले. आजींना वाटत होतं की मुलांनी मिळून किल्ला पुन्हा बांधावा, म्हणजे सगळं गोड होईल. नवा नाही म्हणाला. त्याला त्यांच्याबरोबर चिखलात बसायचं नव्हतं. मी आजींना आग्रह करू दिला नाही.

मग नव्याच्या आईनं सेक्रेटरी काकांकडे वळून विचारलं, “आणि तुमचं काय?” गच्चीवर शांतता पसरली. काका वयानं मोठे, इमारतीसाठी झटणारे गृहस्थ. त्यांनी खुर्चीतून उठून सांगितलं, “पोरं माझ्याकडे आली होती. मी त्यांना परत पाठवलं. ते चुकलं.” माझ्या मते त्या बैठकीतलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य हेच होतं. मुलं त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

आईच्या आणखी दोन मागण्या होत्या. एक, तिसऱ्या मजल्याचा दिवा. तो दुसऱ्याच दिवशी लागला. दुसरी, मुलांच्या कुठल्याही कार्यक्रमात मालक आणि भाडेकरू असा फरक होणार नाही, हे समितीनं ठरावात लिहून फलकावर लावावं.

प्लास्टर निघालं आहे. नवा आणि किल्लेदार मित्र झालेले नाहीत. जिन्यात भेटले तर एकमेकांना वाट देतात. आईनं चौघांना माफ केलेलं नाही, पोलिसांतही गेली नाही. तो तिचा निर्णय आहे आणि त्यावर मी तिच्याशी पुन्हा बोललेले नाही. चौघं अजून चित्रपट बघतात. खलनायक कोसळायच्या क्षणी नऊ वर्षांची मुलगी रिमोट दाबून चित्र थांबवते आणि सगळ्यांना विचारते, आता हा पडला नाही तर काय करायचं, बोला. किल्लेदार चिडतो, मग उत्तर देतो.

ठराव मात्र अजून फलकावर लागलेला नाही. समितीतल्या काही जणांचं म्हणणं आहे की एकदा ‘भाडेकरू’ हा शब्द लेखी आला तर पुनर्विकासाच्या बोलण्यांत अडचण होईल. मुलांच्या खेळापुरताच शब्द वापरून नवा मसुदा मी लिहून दिला आहे. येत्या सभेत तो विषयपत्रिकेवर घ्यायचं काकांनी कबूल केलं आहे, आणि आजी त्यांच्या मागे लागल्या आहेत.